एका रेणूला एकच सीट

केमिस्ट्रीत एमएस्सी करणारा एखादा मित्र किंवा मैत्रीण असेल, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांच्या लॅबमध्ये एक चक्कर मारा. शेकरवर कॉनिकल फ्लास्कची रांग गरागरा हलत असते. फ्लास्कमध्ये शाईसारखं निळं पाणी आणि तळाशी वाटाण्याएवढे मळकट मणी, नाहीतर नुसती भुकटी. पाण्याचा निळा रंग मेथिलीन ब्लूचा. हा रंग हाइनरिश कारो या जर्मन केमिस्टने 1876 मध्ये बनवला, आणि प्रोजेक्टवाल्यांचा तो आजही लाडका आहे. मणी मात्र ज्याच्या-त्याच्या रेसिपीचे. कोळंबीच्या सालीतून काढलेलं कायटोसान, त्यात बेंटोनाइट माती, कुणाचा त्यात कोळसा, कुणी लोहाचं काळं ऑक्साइड घालतं, म्हणजे काम झाल्यावर मणी चुंबकाने उचलता येतात. अशा मिसळीला म्हणायचं कॉम्पोझिट.

तासा-दोन तासांत पाणी फिकट होतं. मग रीडिंग, मग एक्सेल, मग आलेख. आलेखात एक सरळ रेघ येते आणि तिच्या शेजारी एक आडनाव टाइप होतं. लँगम्यूर.

हे आडनाव जगभरच्या प्रोजेक्टमध्ये आणि पेपरमध्ये इतक्या वेळा येतं, की या नावाचा एक हाडामांसाचा माणूस होता हेच विसरायला होतं. माझा केमिस्ट्रीशी संबंध बारावीत संपला. पण या माणसाबद्दल वाचायला घेतलं आणि अडकायलाच झालं. रंगाच्या पाण्याशी त्याचा आयुष्यात कधी संबंध आला नाही. तो नोकरीला होता बल्ब बनवणाऱ्या कंपनीत. स्वतःची फसगत कशी होते हे त्याने भल्याभल्यांना समजावून सांगितलं आणि त्याच काळात तो स्वतः ढगांच्या नादाला लागून फसला.

अर्व्हिंग लँगम्यूर जन्मला 31 जानेवारी 1881 रोजी, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये. घरात एक शिस्त होती, जे दिसेल ते लिहून काढायचं. आई-वडिलांनी मुलांना तशी सवयच लावली होती. गंमत म्हणजे या पोराला धड दिसतच नव्हतं. नजर अधू आहे हे कुणाच्या लक्षात आलं तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. नजर सुधारल्यावर आजवर धूसर असलेलं जग बारकाव्यांसकट समोर आलं आणि मग त्याने बघणं सोडलंच नाही. त्याच सुमारास वडिलांच्या कामामुळे कुटुंब तीन वर्षं पॅरिसला राहिलं. मोठा भाऊ आर्थर केमिस्ट होता. त्याने धाकट्याला घरातच छोटीशी प्रयोगशाळा मांडून दिली. आपल्याकडे मोठ्या भावाची जुनी पुस्तकं मिळतात, याला अख्खी लॅब मिळाली.

1903 मध्ये कोलंबिया विद्यापीठातून धातुशास्त्राची पदवी, मग जर्मनीत गटिंगेनला वॉल्टर नेर्न्स्टच्या हाताखाली 1906 मध्ये पीएच.डी. तिथेच तापलेल्या तारेभोवतीचे वायू हा विषय त्याच्या मागे लागला. परत येऊन होबोकेनच्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमध्ये तो शिकवायला लागला. तिथे तास फार आणि संशोधनाला वेळ नाही, अशी गत. वैतागून 1909 च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तो न्यूयॉर्क राज्यातल्या स्कनेक्टडी गावी जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत गेला. सुट्टीपुरतं म्हणजे आपल्या भाषेत इंटर्नशिपच. तो तिथेच राहिला, थेट 1950 ला निवृत्त होईपर्यंत.

बल्ब काळा का पडतो?

त्या वेळी कंपनीची डोकेदुखी एकच होती. टंगस्टनच्या तारेचे बल्ब आतून काळे पडायचे आणि उजेड कमी व्हायचा. सगळ्यांची समजूत अशी, की आत थोडी हवा उरते म्हणून हे होतं, तेव्हा बल्बमधली हवा आणखी नीट काढा.

लँगम्यूरने उलटं केलं. चांगली पोकळी करता येत नाही ना, मग ती मुद्दाम बिघडवू आणि काय होतं ते पाहू. त्याने एकेक वायू थोडा-थोडा बल्बमध्ये सोडून तार तापवायला सुरुवात केली. प्रयोगशाळेचा प्रमुख होता विलिस व्हिटनी. हा बॉस असा, की लँगम्यूरलाच मध्ये अपराधी वाटायला लागलं, आपण कंपनीचा पैसा उडवतोय आणि मजा मारतोय म्हणून. व्हिटनीने त्याला मजा मारत राहायला सांगितलं. असा बॉस मिळायला नशीब लागतं, एवढंच म्हणते.

त्या मजेतून दोन गोष्टी निघाल्या. पहिली कंपनीच्या फायद्याची. बल्ब काळा पडतो तो तापलेल्या तारेचं टंगस्टन उडून काचेवर बसतं म्हणून. त्याला आळा घालायचा तर पोकळी वाढवायची नाही, उलट नायट्रोजन किंवा आर्गॉन भरायचा आणि तारेला स्प्रिंगसारखं वेटोळं करायचं. 1913 च्या सुमारास असा वायू भरलेला बल्ब आला. आपल्या आजी-आजोबांच्या घरी जो पिवळा बल्ब लोंबकळायचा, तो याच घराण्यातला.

दुसरी गोष्ट आपल्या कामाची. बल्बमध्ये हायड्रोजन सोडला आणि तार तापवली, की हायड्रोजन हळूहळू गायब व्हायचा. बल्ब तर बंद, मग जातो कुठे? लँगम्यूरने पिच्छा पुरवला. तापलेल्या तारेवर हायड्रोजनचा रेणू फुटून त्याचे सुटे अणू होत होते आणि ते थंड काचेवर जाऊन चिकटत होते. पण काच काही कितीही घेत नव्हती. एका मर्यादेनंतर बस्स. ऑक्सिजनचंही तसंच. टंगस्टनवर त्याचा जेमतेम एका थराचा पापुद्रा बसला, तरी तारेचं वागणं पार बदलून जायचं.

इथे एक शब्द सांगायला हवा. भजी तेल पितात, तेव्हा तेल आत जातं. ते ॲब्सॉर्प्शन. फळ्यावर खडूची भुकटी बसते, ती आत जात नाही, वरवर बसते. ते ॲडसॉर्प्शन, पुस्तकी मराठीत अधिशोषण. कोळशासारख्या पदार्थांना वायू आणि रंग चिकटतात हे लोकांना आधीपासून माहीत होतं. कोळशाने द्रवाचा रंग काढण्याची युक्ती तर अठराव्या शतकातली. पण चिकटतात म्हणजे नेमकं काय होतं? पृष्ठभागाजवळ वायूचा दाट ढग जमतो, जसजसं लांब जावं तसतसा विरळ होतो, असं बऱ्याच जणांना वाटत होतं. लँगम्यूरचं म्हणणं, ढगबिग काही नाही. पृष्ठभागावरच्या अणूंची ओढ फार लांब पोहोचतच नाही, एका रेणूच्या अंतरावर ती संपते. तेव्हा पहिला थर भरला की गाडी फुल्ल.

एसटीची कल्पना करा. स्टँडवर गर्दी जितकी, तितके लोक भराभर चढतात. पण आतल्या सीटा भरत आल्या, की चढणाऱ्याला जागा सापडेना होते. दुसरीकडे बसलेल्यांपैकी काही जण उतरतही असतात. चढणारे आणि उतरणारे सारखे झाले, की गाडीतली संख्या स्थिर. आपली एसटी उभ्यानेही माणसं घेते. लँगम्यूरच्या गाडीत उभ्याने प्रवास नाही. एका रेणूला एक सीट. सगळ्या सीटा सारख्या, खिडकीची भांडणं नाहीत. शेजारी कोण बसलंय याचा त्रास नाही. या अटींवर त्याने समीकरण मांडलं आणि काच, अभ्रक, प्लॅटिनम यांच्या सपाट पृष्ठभागांवर वायू किती बसतो हे मोजून 1918 च्या पेपरमध्ये छापलं. वायूचा दाब वाढवत जा, आलेख आधी झपाट्याने वर चढतो आणि मग आडवा होतो. तो आडवा भाग म्हणजे एकूण सीटा.

पुढे लोकांनी वायूच्या दाबाच्या जागी पाण्यातल्या रंगाचं प्रमाण टाकलं आणि समीकरण रंगाच्या पाण्याला लागू केलं. ‘क्यू मॅक्स’ नावाचा जो आकडा प्रत्येक प्रोजेक्टच्या शेवटी ठळक अक्षरात असतो, तो म्हणजे एका ग्रॅम मण्यातल्या एकूण सीटा. एक ग्रॅम जास्तीत जास्त किती मिलिग्रॅम रंग बसवून घेईल, तेवढं.

ब्लॉजेट, बोट आणि नोबेल

पृष्ठभागाचं वेड मग वाढतच गेलं. पाण्यावर तेलाचा थेंब टाकला की तो पसरतो तो किती पातळ? लँगम्यूरने पसरट ट्रेमध्ये पाणी घेऊन मोजलं. थर एका रेणूएवढाच जाड होता आणि त्यातले रेणू एक टोक पाण्यात, शेपूट हवेत, असे चक्क उभे होते. हा ट्रे त्याच्या नावाने ओळखला जात असला, तरी त्याची कल्पना आधी अग्नेस पॉकेल्स या जर्मन बाईंची. कॉलेजची पायरी न चढलेल्या पॉकेल्सने स्वयंपाकघरात प्रयोग केले होते आणि ते 1891 मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आले होते. हे नाव केमिस्ट्रीवाल्यांनाही अनेकदा माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

दुसरं नाव कॅथरीन ब्लॉजेट. ती लँगम्यूरच्या प्रयोगशाळेत 1918 मध्ये आली, त्याच्याच आग्रहाने पुढे केंब्रिजला गेली आणि 1926 मध्ये तिथली फिजिक्समधली पीएच.डी. मिळवणारी पहिली स्त्री ठरली. परत येऊन तिने एका रेणूच्या थरावर दुसरा, त्यावर तिसरा असे थर काचेवर मोजून चढवण्याची पद्धत बसवली. त्यातूनच न चकाकणारी काच आली. असे थर आज लँगम्यूर-ब्लॉजेट याच जोडनावाने ओळखले जातात.

1932 मध्ये लँगम्यूरला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते या पृष्ठभागाच्या कामासाठी. बाकीचा हिशेब वेगळाच. अणू-हायड्रोजनचं वेल्डिंग त्याचं, फिजिक्समध्ये ‘प्लाझ्मा’ हा शब्द रूढ केला तो त्याने. 1927 मध्ये बोटीने अटलांटिक पार करताना त्याला समुद्रशैवाल वाऱ्याच्या दिशेने समांतर ओळींत तरंगताना दिसलं. बाकीचे प्रवासी डेकवर ऊन खात असतील, याच्या डोक्यात किडा. मग लेक जॉर्ज या तळ्यात प्रयोग करून वाऱ्याने पाण्यात गोल फिरणारे प्रवाह तयार होतात हे त्याने 1938 मध्ये दाखवून दिलं. कर्ट व्हॉनेगट हा लेखक सांगायचा, की हा माणूस एकदा घरीच नाश्ता करून ताटलीखाली बायकोसाठी टिप ठेवून गेला होता. व्हॉनेगट काही काळ त्याच कंपनीच्या प्रसिद्धी विभागात होता आणि भाऊ बर्नार्ड तर लँगम्यूरबरोबरच काम करायचा, त्यामुळे किस्से त्याच्याकडे पुष्कळ.

बर्नार्डचं नाव आलंच आहे, तर ढगांकडे जाऊ.

दुसऱ्या महायुद्धात लँगम्यूर आणि त्याचा सहकारी व्हिन्सेंट शेफर यांनी सैन्यासाठी धुराचे पडदे तयार केले, विमानाच्या पंखांवर बर्फ का जमतो ते तपासलं. त्यातून ढगांचा नाद लागला. जुलै 1946 मध्ये शेफरने डीप फ्रीझरमध्ये श्वासाचा ढग करून त्यात ड्राय आइस टाकला आणि क्षणात बर्फाचे कण चमकायला लागले. 13 नोव्हेंबरला तो विमानातून खऱ्या ढगात ड्राय आइस टाकून आला. ढगातून खरंच हिम पडलं. थोड्याच दिवसांत बर्नार्डने सिल्व्हर आयोडाइडनेही हे जमतं हे शोधून काढलं. आज आपल्याकडे दुष्काळात कृत्रिम पावसाच्या बातम्या येतात, त्याची सुरुवात ही.

इथपर्यंत सगळं शंभर नंबरी. पुढे मात्र लँगम्यूरची गाडी सुटली. ऑक्टोबर 1947 मध्ये लष्कराच्या मदतीने एका चक्रीवादळात ड्राय आइस टाकला गेला. समुद्राकडे निघालेलं वादळ वळलं आणि जॉर्जियातल्या सव्हॅना शहरावर आदळलं. हे आपल्यामुळे झालं असं लँगम्यूरला वाटलं. कंपनीच्या वकिलांना काय वाटलं असेल त्याची कल्पना करा. हवामानतज्ज्ञांनी नंतर दाखवलं, की वादळ आधीच वळायला लागलं होतं आणि 1906 मधलं एक वादळ कुणी काही न टाकता जवळपास तसंच गेलं होतं. पण तो ऐकेना. डिसेंबर 1949 पासून न्यू मेक्सिकोत ठरलेल्या वारी सिल्व्हर आयोडाइडचा धूर सोडायचा आणि हजारो किलोमीटर दूर पूर्वेकडच्या राज्यांत दर सात दिवसांनी पाऊस वाढतो का ते पाहायचं, असा प्रयोग त्याने लावला. आकडेवारीत त्याला सात दिवसांची लय दिसली. वेदर ब्युरोच्या लोकांनी सांगितलं, अशी लय हवेत आपोआपही येते. त्याला पटलं नाही, शेवटपर्यंत.

आणि आता गंमत बघा. 18 डिसेंबर 1953 रोजी, बहात्तर वर्षांच्या या माणसाने स्कनेक्टडीतल्या नॉल्स प्रयोगशाळेत एक भाषण दिलं. विषय होता पॅथॉलॉजिकल सायन्स, म्हणजे आजारी विज्ञान. लबाडी करणाऱ्यांबद्दल ते नव्हतं. प्रामाणिक, हुशार शास्त्रज्ञ नसलेली गोष्ट कशी पाहतात, त्याबद्दल होतं. फ्रान्सच्या ब्लाँडलोला 1903 मध्ये एन-रे नावाचे किरण दिसले होते. अमेरिकन रॉबर्ट वुड ते बघायला गेला आणि अंधारात त्याने उपकरणातला प्रिझम गुपचूप काढून घेतला. तरी ब्लाँडलोला किरण दिसतच राहिले. लँगम्यूरने स्वतःही 1929 मध्ये कोलंबिया विद्यापीठात जाऊन अशाच एका प्रयोगाचा फुगा फोडला होता. अशा प्रकरणांच्या खुणा त्याने त्या भाषणात सांगितल्या. जे दिसतं ते दिसण्या-न दिसण्याच्या काठावरचं असतं, अचूकतेचा दावा मात्र जबरदस्त असतो, कारण कमी-जास्त केलं तरी परिणाम तेवढाच राहतो आणि शंका घेतली की उत्तर तयार असतं. भाषणाचं ध्वनिमुद्रण त्याच्या मृत्यूनंतर सापडलं, मजकूर उतरवला गेला आणि 1989 मध्ये ‘फिजिक्स टुडे’त छापून आला.

भाषणात सात दिवसांच्या पावसाचा उल्लेख आजारी विज्ञान म्हणून कुठेच नाही.

दुसऱ्यांची चूक ओळखणारी नजर स्वतःच्या आलेखासमोर का चालली नाही, याचा विचार करताना मला त्या निळ्या फ्लास्ककडे परत जावंसं वाटलं. कारण तिथेही एक प्रिझम आहे, आणि तो काढून बघायचं धाडस फार कमी जण करतात.

झालंय असं. लँगम्यूरचं समीकरण मुळात वक्र रेषेचं. कॅल्क्युलेटरच्या आधीच्या काळात वक्र रेषा हाताने जुळवणं अवघड, म्हणून लोकांनी ते उलटसुलट करून सरळ रेघेचं केलं. उभ्या अक्षावर पाण्यात उरलेला रंग भागिले मण्यावर बसलेला रंग. आडव्या अक्षावर पाण्यात उरलेला रंग. नीट बघा, तीच राशी दोन्हीकडे आहे. त्यामुळे डेटा जरा वेडावाकडा असला तरी रेघ बऱ्यापैकी सरळ येतेच. आर-स्क्वेअर 0.99 आला की सगळे खूश. निष्कर्षात लिहून मोकळे, की रंगाचा एकच थर बसला आणि सगळ्या जागा सारख्या आहेत.

पण मणी कॉम्पोझिट आहे ना? बेंटोनाइट मातीच्या पापुद्र्यांवर ऋण भार असतो, म्हणून धन भाराचा मेथिलीन ब्लू तिथे जाऊन बसतो. कायटोसानवर अमिनो गट असतात. आम्लधर्मी पाण्यात ते धन भाराचे होतात आणि ऋण भाराचे रंग ओढतात. एकटं कायटोसान आम्लात फुगतं, विरघळतं. एकटी माती पाण्यात इतकी बारीक पसरते, की गाळता गाळत नाही. दोघांना एकत्र आणायचं कारणच हे, की एकाचं उणं दुसऱ्याने भरून काढावं आणि सीटा निरनिराळ्या प्रकारच्या व्हाव्यात. मग सगळ्या सीटा सारख्या हे कसं म्हणायचं? लँगम्यूरने स्वतः 1918 च्या त्याच पेपरमध्ये एकापेक्षा जास्त प्रकारच्या जागा असतील तर काय, ओबडधोबड पृष्ठभाग असेल तर काय, थरावर थर बसला तर काय, अशी वेगवेगळी गणितं मांडली होती. आपण उचललं ते पहिलं, सगळ्यात सोपं. सरळ रेघ सोडून कॉम्प्युटरवर मूळ वक्र जुळवा आणि चुका किती येतात ते बघा, एवढं केलं तरी बराच फुगा खाली बसतो. लॅपटॉपवर ते दहा मिनिटांचं काम आहे.

हे नुसतं परीक्षेच्या मार्कांपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. कपडा रंगवताना रिॲक्टिव्ह रंगाचा बराचसा भाग सुताला धरतच नाही, पाण्याबरोबर वाहून जातो. इचलकरंजीसारख्या कापडाच्या गावाला आणि पंचगंगेला हा प्रश्न नवा नाही. 2017 च्या ऑगस्टमध्ये तळोजा एमआयडीसीत निळी कुत्री फिरताना दिसली होती, ते फोटो देशभर गेले. कासाडी नदीत जाणाऱ्या रंगाच्या पाण्याकडे बोट दाखवलं गेलं आणि एका कंपनीला टाळं लागलं.

अशा ठिकाणी जे पाणी निघतं, ते आपल्या डिस्टिल्ड वॉटरमधल्या मेथिलीन ब्लूसारखं सोज्वळ नसतं. रंग सुताला धरावा म्हणून त्यात भरपूर मीठ टाकलेलं असतं, सोडा ॲश असते, साबण असतो. मिठाचे आयन रंगाआधीच सीटा अडवतात. सोडा ॲशमुळे पाणी अल्कधर्मी होतं, कायटोसानच्या अमिनो गटांचा भार जातो आणि त्यांची ओढ ढिली पडते. लॅबमधला क्यू मॅक्स तिथे तसाच मिळत नाही.

मिळाला असं धरलं तरी हिशेब करून बघा. समजा एका ग्रॅमला 200 मिलिग्रॅम ही क्षमता. समजा पाण्यात लिटरमागे 100 मिलिग्रॅम रंग. एक लाख लिटर पाण्यात रंग झाला 10 किलो. तो बसवायला मणी लागतील 50 किलो, तेही एकूणएक सीट भरली तर. पाणी स्वच्छ व्हायला लागलं, की स्टँडवर गर्दी कमी, म्हणजे सीटा पूर्ण भरणारच नाहीत. प्रत्यक्षात मणी जास्तच लागणार. आणि रंग नाहीसा झालेला नाही, तो पाण्यातून उठून मण्यावर बसलाय. ते रंगीत मणी धुऊन पुन्हा वापरायचे तर धुण्याच्या पाण्याचं काय करायचं? फेकायचे तर कुठे? म्हणून चांगल्या प्रोजेक्टमध्ये तेच मणी पाच-सहा वेळा वापरून दर वेळी क्षमता किती घटली ते दिलेलं असतं. नळीत मणी भरून वरून पाणी सोडायचं आणि किती वेळाने खालून रंग यायला लागतो ते बघायचं, तेही केलेलं असतं. खऱ्या कारखान्याचं पाणी आणून तपासलेलं असेल, तर तो प्रोजेक्ट माझ्यासारख्या अडाण्यालाही वाचावासा वाटतो, मग त्यात आर-स्क्वेअर 0.93 का असेना.

लँगम्यूर गेला 16 ऑगस्ट 1957 रोजी, मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होल या समुद्रकाठच्या गावी, हृदयविकाराच्या झटक्याने. वय शहात्तर. अमेरिकन केमिकल सोसायटीने 1985 मध्ये पृष्ठभागांच्या विज्ञानासाठी एक नवं जर्नल काढलं आणि त्याला नाव दिलं ‘लँगम्यूर’. त्याचे अंक आजही निघतात. कायटोसान, माती आणि कोळशाच्या मिसळींवरचे पेपर त्यातही असतात आणि 1918 चा त्याचा मूळ पेपरही इंटरनेटवर सापडतो. चाळीसेक पानांचा आहे. एकापेक्षा जास्त प्रकारच्या सीटांचं गणित त्यात दुसऱ्या नंबरला आहे.